कव्हर टाका, पण तिसरं गाणं आपलं

भजनी मंडळात पेटी वाजवतो म्हणून पोरं मला विचारतात, “दादा, कव्हर टाकू का?” म्हणजे गाजलेलं गाणं आपल्या आवाजात म्हणून यूट्यूबवर. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांत रेंज लहरी, व्हिडिओ चढवायला टेकाड गाठावं लागतं. तरी मी म्हणतो, टाका.

शर्ली सेतियाचंच बघा. ऑकलंडच्या या मुलीनं २०१३ मध्ये टी-सिरीजच्या स्पर्धेसाठी घरीच, झोपायच्या कपड्यांत, ‘तुम ही हो’ गायलं. तिकडच्या पेपरनं ‘पायजमा पॉपस्टार’ असं बारसंच केलं. २०२२ मध्ये ती ‘निकम्मा’ सिनेमाची नायिका झाली.

पण कव्हरमध्ये एक गोम आहे. गाणं कंपनीचं. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते, कंपनी हक्क सांगते आणि जाहिरातीचा पैसा बहुधा तिकडंच वळतो. घसा आपला, मीठ-पाण्याच्या गुळण्या आपल्या, कमाई त्यांची!

म्हणून मला जळगावकडचा संजू राठोड जास्त पटतो. ‘गुलाबी साडी’ त्यानं स्वतः लिहिलं, स्वतः गायलं. २०२४ मध्ये मराठी न कळणारेही त्यावर नाचले. (आमच्या मंडळातल्या बुवांना ते आवडत नाही, पण पाय त्यांचाही हलतो.)

भोर-वेल्हे तर भाताचा मुलूख. आवणीच्या चिखलात बायका गातात त्या गाण्यांवर कुठली कंपनी हक्क सांगणार? दोन कव्हर झाली की तिसरं त्यातलं घ्या. परवा एका पोरीनं आजीचं असलंच गाणं म्हटलं. मधलं कडवं येईना. म्हटलं, आजीला विचारून ये, मग पेटी काढतो.