तीन मोटारींचा कासरा

गेल्या शनिवारी कोरेगावला होतो. सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडलो आणि नेहमीप्रमाणे मिस्त्रींच्या गॅरेजवर जाऊन बसलो. (दूध दीड तासाने घरी पोचलं. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही.) बरोबर भाचा होता. बारावीला आहे, म्हणजे अभ्यास सोडून बाकी सगळं करतो. त्याने मोबाइलवर लॅम्बोर्गिनी टेमेरारिओचा व्हिडिओ लावला आणि पुढच्या दोन चाकांना दोन वेगळ्या मोटारी कशा असतात ते मिस्त्रींना समजवायला लागला. मिस्त्रींनी चिंधीला हात पुसले, नीट बघितलं आणि म्हणाले, "आरं, ह्ये तर ट्रॅक्टरचं दोन ब्रेक झालं की!"

भाचा खो-खो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण मिस्त्री बरोबर होते.

ज्यांनी ट्रॅक्टर चालवलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, एक डाव्या मागच्या चाकाचं आणि एक उजव्या. नांगरताना बांधाशी पोचलात की जागा नसते, मग आतल्या बाजूचं एकच पेडल दाबायचं. आतलं चाक थांबतं, बाहेरचं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं कडीने जोडायची. ती कडी लावायला विसरून जोरात एकच पेडल दाबलं तर ट्रॅक्टर कुठे जातो हे आमच्याकडे बऱ्याच जणांनी बघितलेलं आहे. आणि त्याच्याही आधी बैलगाडी होतीच. आतला बैल कासऱ्याने आवळायचा, बाहेरच्याला हाक मारायची.

टेमेरारिओ हेच करते, फक्त सेकंदाच्या बारीक तुकड्यात आणि विजेवर. पुढच्या प्रत्येक चाकाला एक मोटार, वळणावर बाहेरच्या चाकाला जादा रेटा आणि आतल्याला ओढ. तिसरी मोटार मागे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. इंजिनापासून पुढच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा नाहीच, त्याच्या जागी मधल्या बोगद्यात ३.८ किलोवॅट-अवरची छोटी बॅटरी. सगळं मिळून ९२० अश्वशक्ती. २०२५च्या एप्रिलमध्ये ही गाडी भारतात आली ती सहा कोटींना, एक्स-शोरूम. भाच्याने ऑन-रोड किती पडेल विचारलं. मी म्हटलं, तेवढ्यात कोरेगावात काय काय येईल ते आधी मोज.

आता शौकीन लोकांचं या गाडीविषयी जे म्हणणं आहे त्याकडे येतो. दोन तक्रारी आहेत. एक रूपाची, दुसरी त्या तीन मोटारींची.

रूपाची तक्रार मला अर्धी पटते. जिकडे बघावं तिकडे षटकोन. पुढचे दिवे षटकोनी, मागचा सायलेन्सर षटकोनी. एखाद्याला षटकोनाची पट्टी वाढदिवसाला मिळावी तसं झालंय. मागची चाकं मात्र सुपरबाइकसारखी उघडी ठेवलीत, ते मला फार आवडलं. पण मियुरा (१९६६) किंवा कुंताश (१९७१) बघताना गांदिनीने एकाच दमात रेघ मारलीय असं वाटतं, तसं इथे वाटत नाही. इथे प्रत्येक भोक हवा थंड करायला, प्रत्येक कड हवा दाबायला. रेडिएटर, टर्बो, बॅटरी, मोटारी, सगळ्यांना थंड हवा हवी. हायब्रिडचं रूप हे निम्मं तिच्या घामाचं रूप आहे. आमच्याकडे खिलार खोंड बघायला येणारे म्हातारे लोक शिंगं, खांदा, चाल बघून दोन मिनिटांत "जमतंय" किंवा "नाय जमत" म्हणतात आणि कारण सांगत नाहीत. रूपाच्या बाबतीत मी त्या म्हाताऱ्यांच्या बाजूचा. कारण सांगावं लागलं की समजा काहीतरी बिनसलंय.

दुसरी तक्रार मोठी. वजन वाढलं, आवाज गेला आणि गाडी आता कॉम्प्युटर चालवतो, माणूस नुसता बसतो. वजनाचं खरं आहे. आधीची हुराकान इव्हो कोरडी १४२२ किलो होती, ही १६९० किलो. म्हणजे २६८ किलोचा फरक, सिमेंटच्या पाच गोण्या आणि वर एक लहान पोरगं. त्या वजनाच्या बदल्यात ५.२ लिटरचं, टर्बो नसलेलं व्ही१० जाऊन ४ लिटरचं दोन टर्बोंचं व्ही८ आलं. ते १०,००० आरपीएमपर्यंत फिरतं हे कौतुकाचंच. पण व्ही१०चा आवाज ज्याने ऐकलाय त्याला आकडे सांगू नयेत.

कॉम्प्युटरचं मात्र इतकं सरळ नाही, आणि इथे मी थोडा चिडतो, कारण माझी रोजीरोटीच गाडीच्या कंट्रोलरमधल्या कोडवर चालते. माझ्या कोरेगावच्या खोलीत भिंतीवर फेरारी एफ४०चं पोस्टर होतं. तिला एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. शौकीन लोक तिचं नाव घेऊन म्हणतात, ती खरी गाडी, तिथे मध्ये कोणी नव्हतं. अहो, मध्ये डिफरन्शियल होतं ना! कुठल्या चाकाला किती ताकद द्यायची हे तेही ठरवतंच. तो निर्णय लोखंडात लिहिलाय, हा सी भाषेत, एवढाच फरक. आणि २०१३ साली पोर्शे ९१८ स्पायडर ही जड हायब्रिड नुर्बुर्गरिंगवर ६ मिनिटं ५७ सेकंदात फिरून आली, तेव्हा सात मिनिटांच्या आत येणारी ती पहिली रस्त्यावरची उत्पादित गाडी होती. कोड वाईट असता तर हे झालं नसतं.

पण वेगवान असणं आणि आवडणं या दोन गोष्टी आहेत. होंडाने एनएसएक्स पुन्हा काढली ती २०१६ला, पुढे दोन मोटारी, मागे व्ही६, कल्पना जवळपास हीच. गाडी उत्तम वळायची. तरी जुन्या एनएसएक्सवर जीव टाकणारे लोक तिच्याकडे वळले नाहीत आणि २०२२मध्ये ती बंद झाली. माझ्या मते कारण असं की माणूस चुकांतून शिकतो. वळणावर जादा वेगाने गेलात, पुढची चाकं बाहेर सरकली, पुढच्या वेळी तुम्ही पाय आधी काढता. मोटारीने ती चूक परस्पर निस्तरली तर तुम्हाला कळतच नाही की आपण चुकलो. लोखंडाचं डिफरन्शियल रोज तसंच वागतं, त्याची सवय होते. कोड मात्र टायर, बॅटरी, मोड असं सगळं बघून उत्तर देतो, आणि टेमेरारिओला असे तेरा मोड आहेत. तेरा! बैलांना तेरा प्रकारे कासरा आवळून बघा, चौदाव्या वेळी ते तुम्हालाच बघतील.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. मागच्या गाळप हंगामात सातारा रस्त्याने घरी येत होतो. पुढे उसाने भरलेली बैलगाडी. समोरून कोणी नव्हतं, म्हणून मी इंडिकेटर न देता (माझी चूक, कबूल) उजवीकडे काढली. माझ्या गाडीत लेन सांभाळणारी सोय आहे. तिला वाटलं हा माणूस पेंगला. तिने स्टिअरिंग डावीकडे ओढलं, म्हणजे सरळ बैलांच्या दिशेने. अर्धा सेकंद असेल. हाताने जोर लावून परत फिरवलं, निघालो, पुढे जाऊन थांबलो. हात थरथरत होते. बैलगाडीवाल्याने शेजारून जाताना नुसतं बघितलं, शिवीही दिली नाही, आणि तेच जास्त लागलं. ती सोय त्या दिवसापासून बंद आहे. पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणाने. त्या कोडच्या टेस्ट केसेसमध्ये पट्टे होते, ट्रक होते, मोटारसायकल होती. उसाची बैलगाडी होती का? मी स्वतः ज्या टेस्ट केसेस लिहितो त्यात आहे का? नव्हती. सोमवारी जाऊन घातली.

म्हणून शौकीन लोकांची शंका मला नुसती जुन्याची हळहळ वाटत नाही. कोडने निर्णय घ्यायला हरकत नाही, पण तो आपल्याला कळला पाहिजे आणि हाताने परत फिरवता आला पाहिजे.

भाच्याचा पुढचा प्रश्न, "मामा, आपल्याकडे अशी का नाय झाली?" खरं म्हणजे होता होता राहिली. टाटांनी २००८ला जग्वार घेतली, आणि २०१०ला पॅरिसमध्ये जग्वारने सी-एक्स७५ मांडली. प्रत्येक चाकाला एक मोटार आणि बॅटरी भरायला दोन चिमुकली गॅस टर्बाइनं, मिनिटाला ८०,००० फेरे घेणारी. ज्या घरातून नॅनो निघाली त्याच घरात हे चाललं होतं, याची मला अजून मजा वाटते. रूपाबद्दल तेव्हा कोणी शंका घेतल्याचं मला आठवत नाही. इयान कॅलमची ती रेघ बघून आमच्या ऑफिसात काम थांबलं होतं. मग खरी बनवायची ठरल्यावर टर्बाइनं गेली, १.६ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आलं, विल्यम्सची मदत आली, २५० गाड्यांचा बेत झाला, आणि २०१२च्या डिसेंबरात मंदीचं कारण देऊन सगळं गुंडाळलं. २०१५च्या 'स्पेक्टर' सिनेमात जी रोममधून पळते ती हीच, पण स्टंटसाठी बनवलेल्या त्या गाड्यांत साधं व्ही८ होतं. हायब्रिडचं सोंग घेतलेली पेट्रोल गाडी!

२०१८मध्ये मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्हने गुडवूडला शूल दाखवली, तीही टर्बाइन-हायब्रिड. नाव शंकराच्या त्रिशुळावरून. तिच्यावर शंका घेणारे म्हणाले, हे टर्बाइन चालतं का ते दाखवा. पुढे २०२१ला त्याच मंडळींनी एकोंक आणली तेव्हा टर्बाइन नव्हतं, नुसती वीज होती. एकच माणूस बसेल अशी, ७३८ किलो वजन आणि ७२२ अश्वशक्ती हा कंपनीचा आकडा. मला यातलं वजन सगळ्यात आवडलं. टेमेरारिओच्या निम्म्याहून कमी! ती रस्त्यावर विकत मिळेल की नाही हा भाग वेगळा, पण तक्रार बरोबर ऐकली होती.

हे सगळं मी भाच्याला सांगत असताना मिस्त्री एका जुन्या ऑइल इंजिनाचा पंप उघडून बसले होते. इंजिन कूपरचं. सातारा रोडला, म्हणजे आमच्याच तालुक्यात, धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. हेच कूपर १९३७ला काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. आमच्या आजोबांच्या विहिरीवर असंच एक इंजिन होतं, मी लहानपणी त्याच्या आवाजावर झोपायचो. मिस्त्रींकडे आलेलं हे माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. त्याचा सुटा भाग मिळत नसला तर मिस्त्री लेथवर करून घेतात.

मी म्हटलं, "मिस्त्री, ही सहा कोटींची गाडी चाळीस वर्षांनी तुमच्याकडे आली तर?"

"बॅटरी मेल्याली असनार," ते मान वर न करता म्हणाले. "ती बदलू. लोकंड बी करू. पर त्या तीन मोटारींस्नी कुनी सांगायचं कुटं वळायचं ते? त्यो कागुद तुज्याकडं असनार का?"

कोड कंपनीकडे असणार, असं मी सांगितलं. कंपनीने तोवर ठेवला असेल तर.

"मंग कडी कुटं हाय त्येची?" मिस्त्रींनी विचारलं. "दोन ब्रेक जोडायची कडी. ती तर आसंल?"

भाच्याने व्हिडिओ मागे-पुढे करून बघितला. मी पण बघितला. मग दुधाची आठवण झाली.