कुणाच्या हातचा चहा

यंदाच्या अंकातला विशेष विभाग चहावर काढायचं ठरलं, तेव्हा पहिली धास्ती वाटली ती गोडव्याची. चहावर लिहा म्हटलं की भल्याभल्यांची लेखणी विरघळते. पाऊस, भजी, टपरी, कॉलेजचे मित्र आणि शेवटी ‘चहा माणसं जोडतो’ हा ठरलेला निष्कर्ष. तसे लेख आलेही, आणि आम्ही ते साभार परत केले. चहाचा इतिहास चाळायला बसलं की दिसतं ते असं, की चहानं माणसं जितकी एका बैठकीवर आणली तितकीच दाराबाहेरही उभी ठेवली. याचा एक अस्सल दाखला आपल्या पुण्यातच आहे.

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये कार्यक्रम होता. त्यामागे खटपट होती गोपाळराव जोशींची, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांची. गृहस्थ विक्षिप्तपणाबद्दल आधीच प्रसिद्ध. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी शहरातली नामांकित मंडळी हजर राहिली. भाषणं झाली आणि मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. थोड्याच दिवसांत हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली. ती तिथवर पोचवणारे पुन्हा गोपाळरावच!

मग जे ग्रामण्य माजलं त्याला तोड नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री बसले, जबाब झाले, धर्मशास्त्राचे आधार काढून खल झाला. प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी घरच्या कार्याला भटजी मिळण्याची मारामार त्यांना सोसावी लागली. रानड्यांनी १८९२ मध्ये स्नेह्यांच्या अडचणीपायी प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी तो प्रसंग आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. गंमत बघा, त्याच सुमारास संमतिवयाच्या बिलावरून एकमेकांवर तुटून पडणारी माणसं या यादीत शेजारीशेजारी आली होती. कपात काय होतं याची चौकशी फारशी कुणी केली नाही. चहा कुणी ओतला, एवढाच मुद्दा होता.

त्या कपापर्यंत चहा पोचला कसा, याची वाटही मुंबईवरून जाते. १६६२ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून लंडनला आली. आंदणात मुंबई बेट आणि अंगवळणी पडलेला चहा. दरबारातल्या बायकांनी राणीची चहाची सवय उचलली. मुंबईचं मात्र काय करायचं ते राजाला कळेना, म्हणून १६६८ मध्ये त्यानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढे सगळं इंग्लंड चहाला लागलं. चहा मिळायचा चीनकडून आणि चीनला मोबदल्यात हवी असायची चांदी. चांदी संपू लागली तेव्हा व्यापाऱ्यांनी अफूचा रस्ता धरला. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची मुंबईहून. सर जमशेटजी जीजीभाईंच्या दौलतीत या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्याच दौलतीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. पहिलं अफूयुद्ध पेटलं १८३९ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत आसामच्या चहाच्या पेट्या लंडनला पहिल्यांदा लिलावात विकल्या गेल्या. चीनवाचून भागेल असा चहा कंपनीला सापडला होता. ‘सापडला’ म्हणायचं ते कंपनीच्या बाजूनं. तिथले सिंगफो लोक तो पूर्वीपासून पीतच होते.

आसामच्या मळ्यांवर राबायला छोटा नागपूरच्या पठारावरून माणसं नेली ती करारानं बांधून. मळा सोडून पळालं तर पकडून आणायचा अधिकार मळेवाल्याला होता. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही ‘दोन पानं आणि कळी’ खुडतात, आणि कामाच्या मध्ये पितात तो बहुतेकदा बिनदुधाचा, मीठ घातलेला चहा. ‘आसामचा सुवास’ अशी जाहिरात करताना हे कोणी सांगत नाही.

बाहेरच्या देशांकडे पाहताना आपल्याला जपानचा चहाविधी फार सोवळा वाटतो. पण तिथली मेख वेगळी आहे. सोळाव्या शतकातला चहागुरू सेन नो रिक्यू यानं चहाची खोली इतकी लहान केली की दोन चटया पसरल्या की ती भरते. आत जायला जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं चौकोनी दार. उभ्यानं शिरताच येत नाही. गुडघ्यांवर सरकत जावं लागतं. सामुराईला तलवार बाहेर ठेवावी लागे. म्हणजे सरदार असो की व्यापारी, आत पोचेपर्यंत दोघांचीही मान खाली. त्याचा आश्रयदाता तोयोतोमी हिदेयोशी याला चहाचा इतका नाद, की १५८७ मध्ये त्यानं क्योतोला कितानोच्या देवळाच्या आवारात चहाचा जंगी मेळावा भरवला. शेतकऱ्यापर्यंत कुणीही यावं, आपली किटली नि आपला पेला आणावा, असं निमंत्रण. मेळावा दहा दिवस चालायचा होता, एका दिवसात आटोपला. याच हिदेयोशीनं चहासाठी सोन्यानं मढवलेली खोलीही करून घेतली होती. आणि चार वर्षांनी, १५९१ मध्ये, त्यानंच रिक्यूला पोट फाडून घ्यायचा हुकूम दिला. का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. सगळ्यांना वाकायला लावणारं दार बांधणारा माणूस सत्ताधीशाला किती दिवस परवडतो, हा आमचा आपला तर्क.

तिबेटात लोणी-मीठ घालून घुसळलेल्या चहाचा पेला यजमान रिकामा होऊ देत नाही. एक घोट घेतला की पुन्हा काठोकाठ. तुर्कस्तान खरं तर कॉफीचा देश. तिथे काळ्या समुद्राकाठी रिझेला चहाची लागवड जोर धरते ती गेल्या शतकात, आणि आज दरडोई चहा पिण्यात तुर्क जगात सर्वांत पुढे. जुन्या वाटणाऱ्या रूढी किती नव्या असतात!

आपलंही तसंच. दुधात उकळलेला, साखर-आल्याचा चहा अनादि काळापासून चालत आलाय असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मळेवाल्यांनी १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून घेतला आणि त्या पैशातून खपाचा प्रचार चालवला. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या इनॅमलच्या पाट्या लागल्या, फुकट कप वाटले गेले. गांधीजी चहाविरुद्ध लिहीत होते, तरी १९४७ मध्ये चहाच्या प्रचारकांनी चरख्याशेजारी कप मांडून तो ‘शंभर टक्के स्वदेशी’ असल्याचं भित्तिपत्रक काढलं. खरा पालट झाला तो सीटीसीच्या दाणेदार पावडरीनं. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून निघतं; रंग झटकन उतरतो, दूध-साखरेखाली दबत नाही आणि थोड्या पावडरीत जास्त कप होतात. टपरी उभी राहिली ती या हिशोबावर.

पण त्याच स्टेशनांवर ‘हिंदू चाय’, ‘मुसलमान चाय’ अशा आरोळ्या होत्या. लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेचे सैनिक कैदेत होते, तेव्हा त्यांनाही सरकार दोन धर्मांचा चहा वेगळा पाठवी. त्यांनी तो एकत्र ओतून निम्मानिम्मा वाटून घ्यायला सुरुवात केली, आणि गांधीजी भेटायला आले तेव्हा तसं सांगितलं. मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडे नियम पुष्कळ, पण त्यात जातीचा नियम नव्हता; संगमरवरी टेबलाशी बसायला खिशात चहापुरते पैसे लागत, बस्स. गावाकडच्या हॉटेलात मात्र दलितांची कपबशी बाहेर वळचणीला असे आणि ती त्यांनीच विसळून परत तिथे ठेवायची. पुढे कागदी कप आले. उष्टं-खरकटं, विटाळ, सगळा प्रश्न कचऱ्याच्या डब्यात गेला. सुटला असं आम्ही म्हणणार नाही.

म्हणून या विभागासाठी वाचकांना एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप कुठे असतो? आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं नावाशिवाय छापली आहेत. खिडकीच्या कठड्यावर, सिंकच्या खाली, पाणी तापवायच्या भांड्याशेजारी. कान तुटलेला, लग्नाच्या आहेरातल्या सेटमधला उरलेला एकुलता एक, किंवा मुद्दाम आणलेला स्टीलचा, ‘ओळखू यावा म्हणून’. ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असंही पुष्कळांनी कळवलं. त्यांतल्या एकांनी पुढच्याच ओळीत ‘फक्त कप वेगळा, स्वच्छतेसाठी’ अशी भर घातली. एका बाईंनी मुलीकडून पत्र लिहवून घेतलं आहे. त्या पाच घरी काम करतात, दोन घरी चहा घेतात आणि उरलेल्या तीन घरी ‘मी पीत नाही’ म्हणून सांगतात.

दिवाळीच्या अंकात हे कशाला, असं आमच्याच एका सहकाऱ्यानं विचारलं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे अंक फराळाच्या ताटाशेजारी बसूनच वाचले जातात, आणि ताटाशेजारी कप असतोच. कथा, कविता, राशिभविष्य आणि व्यंगचित्रं नेहमीच्या जागी आहेत. चहाचा विभाग पटला नाही तर जरूर भांडा. पत्रं पुढच्या अंकात छापू.