आधी भिंत ओळखा, मग यंत्र निवडा

भिंतीला भोक पाडायचे ठरले, की आपण विचारतो, "यंत्र कोणते आणू?" विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. भोक नेमके कशात पाडायचे, हा पहिला!

हे मी चुकूनच शिकलो. नांदेडच्या आमच्या घरी फळी लावण्यासाठी मी थेट खांबालाच ड्रिल लावले. दोनेक इंच आत गेल्यावर ते किंचाळू लागले, पुढे सरकेना. मी अधिकच जोर लावला. शेजारी काम करणारा गवंडी धावत आला. "सर, आत सळई आहे. खांबाला कशाला हात लावता?" पदार्थविज्ञान शिकवणारा मी गप्प झालो.

लाकडात सुताराचे गिरमिट तंतू कापत जाते. काँक्रीट असे कापले जात नाही. ते ठोकून फोडावे लागते. त्यातली खडी आपल्याकडे काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. विहिरीत सुरुंगाचे भोक कसे पाडत, ते आजोबांना विचारा. एकजण पहार धरी, दुसरा घण मारी आणि प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवली जाई. आजचे रोटरी हॅमर हेच करते. फक्त मिनिटाला हजारो लहान घाव घालते. त्याच्या पात्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइड हा अतिकठीण पदार्थ असतो. म्हणून काँक्रीटला हे यंत्र योग्य. पण पोकळ विटांच्या भिंतीत ठोके बंद ठेवून नुसते फिरवावे, नाहीतर वीटच फुटते. नळासाठी मोठे भोक हवे असेल, तर हिरेजडित पोकळ पाते पाणी सोडत वापरतात. ते ठोकत नाही, घासत जाते. त्यामुळे हादरे कमी बसतात.

आता खांबाकडे वळू. काँक्रीट दाब भरपूर सोसते. ताण मात्र त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच. ती उणीव सळई भरून काढते. भूकंपात इमारत डोलते, तेव्हा खांबाच्या कधी या, तर कधी त्या बाजूला ताण पडतो. मग ती सळई दुखावून कसे चालेल?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. पुढे तशा भिंती मजबूत करण्याची जी पद्धत सांगितली गेली, तिच्यातही भोक होतेच! भिंतीत आरपार भोक पाडायचे, आकडे वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचे. त्याने भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकत्र बांधले जातात. पण हे भोक घणाने पाडायचे नाही. लहान पहारीने एकेक दगड हळूच सैल करून काढायचा, म्हणजे शेजारचे दगड हलत नाहीत. भोकाने भिंत वाचते आणि भोकानेच ती दुबळीही होते.

१० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडचा धक्का नांदेडलाही जाणवला. म्हणून मला वाटते, शाळेच्या कार्यानुभवात यंत्र हाती देण्यापूर्वी भिंत ओळखायला शिकवावे. अभियंत्याला विचारल्याशिवाय खांब-तुळईला भोक पाडू नये. विजेची तार कोठून गेली आहे, ते आधी पाहावे. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच, कारण ती बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते. यंत्र मोठ्यांनीच चालवावे.

तुम्ही मात्र आजच एक काम करा. घरातले खांब आणि तुळया शोधा, त्यांचा नकाशा काढा आणि तो वडीलधाऱ्यांना दाखवा. पुढच्या वेळी ड्रिल घरी येईल, तेव्हा तो नकाशा आधी पुढे येऊ द्या!