घाटाखाली, घाटावर: बालाघाटमध्ये पळायचं कुठे?

दिवाळीची तिकिटं निघाली की मला दरवर्षी तेच फोन येतात. पुण्याचा मावसभाऊ, नागपूरची आतेबहीण, कधी हैदराबादहून कोणी. "दादा, चार दिवस येतोय. पळायचे बूट आणू ना? जंगलात पळायला मिळेल ना?" यंदा एकाने तर अॅपवर ३० किलोमीटरचा ट्रॅक आखूनच पाठवला. दिसायला झकास होता. फक्त तो थेट कान्ह्याच्या आतून जात होता.

एकेकाला सांगण्यापेक्षा या वेळच्या सदरात सगळ्यांना एकदमच सांगतो.

आधी कान्हा मनातून काढा. राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, प्रोजेक्ट टायगरमध्ये १९७३ पासून, क्षेत्र ९४० चौरस किलोमीटर, आणि त्याचं मुक्की गेट आपल्याच जिल्ह्यात. पण आत जायचं ते जिप्सीत बसून, गाईड घेऊन. पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत तेही बंद. पळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि येऊही नये. बारशिंगा वाचला तो माणसांना बाहेर ठेवून. आपल्या पाच किलोमीटरच्या 'पर्सनल बेस्ट'साठी त्याने पुन्हा कान टवकारायची गरज नाही.

मग उरतं काय? पुष्कळ. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगल आहे. बालाघाट या नावातच 'घाटाच्या वर' आहे, गंमत अशी की शहर मात्र घाटाखाली, वैनगंगेच्या मैदानात. १८६७ च्या सुमारास भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून जिल्हा केला, तेव्हा मुख्य ठिकाणाला बुऱ्हा म्हणत. घाटावरचं नाव घाटाखालच्या गावाला मिळालं. पळणाऱ्याच्या दृष्टीने ही विभागणी उत्तम: खाली सपाट, वर चढ, आणि मधे जो घाट आहे तिथे पिंढऱ्यांची परीक्षा.

सपाट भाग चटकन सांगून टाकतो. बजरंग घाटाच्या बाजूने वैनगंगेकाठी सकाळी फिरणारे काका-काकू असतात, मुलं असतात, दम लागला तर बसायला जागा असते. ज्यांनी ऑफिसच्या खुर्चीतून उठून नुकतंच पळायला घेतलंय त्यांनी पहिले दोन दिवस इथेच काढावेत. हीच नदी पुढे भंडाऱ्याला आणि गडचिरोलीला जाते, हे सासरमाहेर तिकडे असलेल्यांना सांगायला नको.

खरी मजा बैहर रोडला. शहरातून निघालं की भरवेलीची मँगनीजची खाण येते, आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींमध्ये तिची गणना होते. रस्त्याकडेची माती काळपट, बूट परत आल्यावर कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखे. ट्रक असतात, म्हणून हा पट्टा मी पळत नाही, गाडीनेच ओलांडतो. शहरापासून साधारण १४ किलोमीटरवर गांगुलपारा: डोंगरांच्या मधे अडवलेला तलाव, जवळच धबधबा. पुढे रस्ता घाट चढू लागतो. इथे गाडी लावायची आणि डांबरी रस्त्याच्या कडेने वर निघायचं.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढलेल्यांना हा चढ ओळखीचा वाटेल, फक्त इथे ढोलताशे नाहीत, आणि पाणी हातात देणारे स्वयंसेवकही नाहीत. दोन्हीकडे बांबू आणि साग, वर पठाराकडे गेलं की सालाची झाडं दिसू लागतात. साग आणि साल एका जिल्ह्यात भेटतात ही आपल्याकडची श्रीमंती आहे. फेब्रुवारीत सागाची पानं गळून ताटाएवढी पसरलेली असतात. त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. खाली दगड आहे की खळगा ते कळत नाही, म्हणून पानांवर पळू नका, चाला. त्या आवाजाचा एक फायदा आहे: पुढच्याला तुम्ही येताय हे आधीच कळतं.

पुढचा म्हणजे कोण, ते आता सांगायलाच हवं.

कान्हा आणि पेंच यांच्या मधलं जंगल म्हणजे वाघांचा जाण्यायेण्याचा पट्टा, आणि तो बालाघाट, शिवनी, मंडला या जिल्ह्यांमधून जातो. उद्यानाची हद्द नकाशावर असते, वाघाकडे नकाशा नसतो. बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, गवा हे सगळे शेजारी. माझं स्वतःचं मत विचाराल तर मी वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितो. वाघाला माणसाची चाहूल लागली तर तो बहुतेक वेळा आपणहून बाजूला होतो. अस्वलाची नजर अधू, ते वारुळ उकरण्यात गुंतलेलं असतं, आणि अचानक समोर आलं की घाबरून अंगावर येतं.

म्हणून आमच्या चौघांच्या टोळीचे नियम ठरलेले आहेत. पूर्ण उजाडल्याशिवाय पाय उचलायचा नाही. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, तोवर चहा घ्या. कानात काही घालायचं नाही. वानर खोकल्यासारखं ओरडू लागलं किंवा चितळाचा कॉल थांबेनासा झाला की वळायचं, वाद नाही. एकट्याने जायचं नाही. जनावर दिसलंच तर पळायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकायचं. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हे मांजरकुळाच्या रक्तातच असतं. आमची आजी हे फार आधीपासून सांगते. मी पहाटे बूट बांधताना तिचा ठरलेला प्रश्न: "कायले धावतेस बापा, वाघ मांगं लागला का?"

बाबांची काळजी वेगळी होती. डिसेंबर १९९९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातले मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली, तेव्हा मी शाळेत होतो. त्या पिढीसाठी जंगल म्हणजे संध्याकाळनंतर न जायची जागा. म्हणून मी आजही नव्या भागात जाण्याआधी वनरक्षकाला आणि चौकीत सांगून जातो. राखीव जंगलात मनाला येईल तिथे शिरणं कायद्यातही बसत नाही, मग विचारण्यात कमीपणा कसला?

एकदा एका वनरक्षकाने माझे बूट निरखून पाहिले आणि किंमत विचारली. सांगितली. तो म्हणाला, "इतने में तो मेरी साइकिल आ जाती, साहब." मग त्याने तासभर खपून कुठल्या नाल्याच्या पलीकडे जायचं नाही ते समजावलं. कुठल्याही अॅपमध्ये ही माहिती नाही.

आता अॅपचंच. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, डेटा जमा करण्यावरच माझं पोट आहे. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या धावण्याचा हीटमॅप प्रसिद्ध केला. कोणाचंही नाव त्यात नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटात लष्करी तळांची आखणी त्यावर चमकतेय, कारण तिथे सैनिकांशिवाय पळणारं कोणी नव्हतं. शहरात हजारोंच्या गर्दीत एकाची रेघ हरवते; जिथे कोणीच पळत नाही तिथे मोजक्यांची रेघही उठून दिसते.

बैहर आणि परसवाड्याकडच्या रानातल्या दोन पायवाटा मला माहीत आहेत, वनरक्षकानेच दाखवलेल्या. पळायला इतक्या सुंदर की सांगताना जीभ सैल होते. त्या मी इथे देणार नाही, माझ्या घड्याळातूनही त्या बाहेर गेलेल्या नाहीत. त्या गोंड आणि बैगा वस्त्यांमधून हाटाला जायच्या वाटा आहेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाकडे जायच्या. मोहाची फुलं रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत गळतात. बायका-मुलं अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, आणि तीच फुलं अस्वलालाही प्रिय. वर्षाचा मीठमिरचीचा खर्च त्या पंधरावीस दिवसांत निघतो, म्हणून जीव मुठीत धरून जातात.

माझा ट्रॅक उद्या 'टॉप ट्रेल' म्हणून कोणाच्या फोनवर गेला, शनिवारी दहा गाड्या आल्या, आणि त्यातल्या एकाला अस्वलाने फाडलं, तर त्याची बातमी होईल. मोहवाल्या बाईला फाडलं तर आतल्या पानावर चार ओळी. आणि पळणाऱ्याच्या बातमीनंतर वाट बंद झाली तर ती आधी कोणाला बंद होईल? मी पुण्याला परत जाईन, माझ्यासाठी पाषाणची टेकडी आहे. तिला दुसरं झाड नाही.

माझ्या टोळीतल्या एकाला हे पटत नाही. तो म्हणतो, लोक आले तर गावात चार पैसे येतील, चहाची टपरी चालेल, होमस्टे निघेल. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मुक्कीकडे पर्यटनावर किती घरं चालतात ते आपण बघतोच. पण ते गावाने ठरवावं, ग्रामसभेत बसून. मी घड्याळाचं बटण दाबून नव्हे. आमचा हा वाद दर रविवारी परतीच्या चढावर सुरू होतो आणि दम लागल्याने अर्ध्यातच थांबतो.

तर येणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. मार्च-एप्रिलमध्ये जंगलकडेला पळू नका, नदीकाठी पळा. मे महिन्यात घरी आंबे खा. पावसाळ्यात घाट हिरवागार दिसतो खरा, पण गवतात घोणस आणि मण्यार असतात, डासही असतात, आणि मलेरिया आपल्याकडे अजून जुना पाहुणा आहे. पाणी दोघांत तीन लिटर धरा, घाटात टपरी मिळेलच असं नाही. बूट नवे कोरे आणू नका, वापरून मऊ झालेले आणा, आणि परत नेताना ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. मँगनीजची काळी धूळ पांढऱ्या कपड्यांतून निघत नाही, हे आमच्या आईने सगळ्यांना आधीच सांगून ठेवायला सांगितलंय.