विश्लेषण : बोगद्यातील कामगाराला खाणीची करसवलत का नाही?

पनवेल-कर्जत रेल्वेमार्गासाठी वावर्ले येथे २,६२५ मीटरचा बोगदा खोदला गेला. धूळ, सुरुंग, छत ढासळण्याची भीती हे सारे खाणीसारखेच. मात्र १९६२ च्या आयकर नियमांतील ‘२बीबी’नुसार महिना ८०० रुपयांपर्यंतचा भूमिगत भत्ता करमुक्त ठरला, तो फक्त भूमिगत खाणींतील कर्मचाऱ्यांसाठी. १९५२ च्या खाण कायद्यानुसार खाण म्हणजे खनिजासाठीचे खोदकाम होते. रेल्वेचा बोगदा त्यात बसत नव्हता.

म्हणजे भंडाऱ्यातील चिखला मँगनीज खाणीला सवलत लागू होती, वावर्लेला नाही. तीही जुन्या करप्रणालीतच. वर्षाचे ९,६०० रुपये करमुक्त झाले, तरी ३० टक्क्यांच्या टप्प्यात वाचत जेमतेम तीन हजार. करपात्र उत्पन्नच नसलेल्या मजुराला त्यातून काहीच मिळत नाही. त्याला हवा तो मजुरीतच जोखमीचा मोबदला.