पृथ्वी अंड्यासारखी का दिसली?



आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे. हसायचं तर खुशाल हसा. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग घरातली पट्टी घेऊन टीव्हीसमोर उभे राहा!

मंद्रूपच्या आमच्या वर्गात भिंतीवर एक ४३ इंची टीव्ही आहे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो दिलाय, म्हणून मुलांना त्याचं भारी कौतुक. त्या दिवशी चौथीच्या मुलांना मी एका वाहिनीवरचा जुना शैक्षणिक कार्यक्रम दाखवत होते. विषय होता पृथ्वी. निळीशार पृथ्वी पडद्यावर आली, गर्रकन फिरली आणि मधोमध थांबली.

"बाई, पृथ्वी अंड्यासारखी का दिसतीय?"

हा आमचा शंकासुर! म्हणजे आहे मुलगीच, पण सतत शंका विचारते म्हणून सगळा वर्ग तिला याच नावानं हाक मारतो. तिलाही ते नाव आवडतं.

आता बाईंना उत्तर यायलाच हवं, नाही का? मी झटकन सांगून टाकलं, "अगं, पृथ्वी ध्रुवांजवळ थोडी चपटी असते ना, म्हणून." मुलांनी ते वहीत लिहूनही घेतलं. मी खूश!

पण शंकासुर गप्प बसतोय होय? कार्यक्रमाच्या शेवटी तीच पृथ्वी पुन्हा येऊन थांबली. तेवढ्यात ही फळ्याची लाकडी पट्टी घेऊन टीव्हीजवळ पोचली. मोजलं आणि ओरडली, "बाई, उंची २७ सेंटिमीटर, रुंदी ३६! एवढी चपटी असती व्हय?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." शिक्षक 'उद्या सांगते' म्हणाले की त्याचा अर्थ काय, ते तुम्हांला ठाऊक आहेच!

संध्याकाळी घरी पुस्तक काढून बसले. पृथ्वी ध्रुवांजवळ चपटी असते, हे अगदी खरं. पण किती? विषुववृत्तावर तिचा व्यास सुमारे १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सुमारे १२,७१४ किलोमीटर. फरक जेमतेम ४२ किलोमीटरचा. मग ३६ सेंटिमीटर रुंदीची पृथ्वी काढली, तर तिची उंची किती कमी हवी? गणित मांडलं, तर उत्तर आलं सुमारे १ मिलिमीटर! आणि आमच्या पडद्यावर ती कमी होती ९ सेंटिमीटर, म्हणजे ९० मिलिमीटर. माझं उत्तर कितीतरी पटींनी चुकलं होतं.

मग पृथ्वी कुणी दाबली? ३६ आणि २७ या दोन्ही आकड्यांना ९ नं भाग जातो. उरतात ४ आणि ३. हे दोन आकडे मी कुठंतरी पाहिले होते. कुठं बरं? टीव्हीच्या रिमोटवरून जी यादी उघडते, त्यात! तिथं लिहिलेलं असतं '४:३' आणि '१६:९'. चोर सापडला.

आता नीट लक्ष द्या हं. तुमच्या आजी-आजोबांच्या काळातला टीव्ही डब्यासारखा असायचा. त्याचा पडदा ४ भाग रुंद असेल, तर ३ भाग उंच. हा आकार आला सिनेमावरून. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन नावाच्या माणसानं १८९०च्या सुमारास ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्रं घेतली. त्यानं एका चित्राला फिल्मच्या कडेची चार भोकं एवढी उंची दिली आणि ४:३ हे माप पक्कं झालं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा १९१३चा मूकपट याच मापाचा. पुढं बोलपट आले, फिल्मवर आवाजासाठी जागा करावी लागली, तरी चित्राचा आकार साधारण तसाच राहिला. पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा १९३६चा चित्रपट तुम्ही पाहिलात, तर त्याचं चित्र चौकोनाच्या जवळ जाणारंच दिसेल. टीव्ही आला, तोही सिनेमाच्या पावलावर पाऊल ठेवून. दिल्लीत दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं, मुंबईचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हापासून कितीतरी वर्षं जे जे कार्यक्रम झाले, ते ४:३ मध्येच.

आपला आताचा पडदा मात्र १६ भाग रुंद आणि ९ भाग उंच. जुनं चित्र यात नीट बसवलं, तर ९ उंचीला १२ रुंदी लागते. १६ मधले ४ भाग रिकामे राहतात. म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन भागांचे काळे पट्टे दिसतात. हे पट्टे दिसले, की घरात कुणीतरी म्हणतंच, "एवढा मोठा टीव्ही घेतला आणि पाव पडदा रिकामा?" मग रिमोट उचलायचा आणि चित्र ताणायचं. १२ चं १६ झालं. पडदा भरला, पण प्रत्येक वस्तू एक तृतीयांशानं जाड झाली. चाकाचं अंडं, चंद्राचं अंडं आणि आमच्या पृथ्वीचंही अंडं!

दुसरा मार्ग 'झूम'चा. यात चित्र ताणत नाहीत, सगळीकडून सारखं मोठं करतात. गोल गोलच राहतो. पण १६ रुंदी भरायची तर उंची १२ होते, आणि पडदा तर ९ चाच. मग वरचं-खालचं मिळून पाव चित्र कापलं जातं. कुणाचा फेटा जातो, कुणाचे पाय, तर क्रिकेटच्या जुन्या सामन्यात धावफलकच गायब!

म्हणजे बघा, तीन मार्ग आणि तिन्हींत काहीतरी सोडावंच लागतं. पट्टे ठेवले तर रिकामी जागा दिसते, झूम केलं तर चित्र जातं, आणि ताणलं तर? ताणलं तर खरेपणा जातो. पहिल्या दोन्हींत काय गेलं ते कळतं तरी. ताणलेल्या चित्रात काही गेलंय, हे कळतच नाही. सवय झाली, की तेच खरं वाटायला लागतं. मला वाटलं होतं ना, तसंच!

आणि ताणून चित्र जास्त स्पष्ट होतं का? छे! आपल्याकडच्या साध्या प्रक्षेपणात एक चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. गुणाकार करा, ४,१४,७२०. एचडी पडद्यावर ठिपके असतात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागून बघा, बरोब्बर पाचपट! (७२० ला ५७६ नं भागलं तर ४:३ येत नाही, हे कुणा हुशाराच्या ध्यानात आलं असेल. शाबास! या चित्राचे ठिपके चौरस नसतात, किंचित रुंद असतात.) म्हणजे आलेल्या एका ठिपक्याला पाच जणांची जागा भरायची. मधले ठिपके टीव्ही अंदाजानं रंगवतो. म्हणून जुना कार्यक्रम मोठ्या पडद्यावर पुसट वाटतो. पीठ एकाच भाकरीचं आणि थापायची परातभर. भाकरी मोठी दिसेल, पण पोट तेवढंच भरणार!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. खरं सांगू? नवा धडा सुरू करावा आणि गप्प बसावं, असंही मनात आलं होतं. पण पंचवीस वह्यांत माझं चुकीचं वाक्य लिहिलेलं होतं. मी फळ्यावर लिहिलं, 'काल बाई चुकल्या.' वर्ग एकदम शांत झाला. मग सगळं गणित मांडलं, टीव्ही ४:३ वर आणला आणि योगायोगानं तोच कार्यक्रम पुन्हा लागलेला होता. शंकासुरानं पट्टी लावली. उंची २७, रुंदी २७! मुलांनी टाळ्या वाजवल्या. वहीतलं वाक्य खोडून त्याखाली बरोबर उत्तर लिहिलं. खोडलेलं वाक्य मी मुद्दाम तसंच राहू दिलं.

शंकासुरानं घरीही तेच केलं. तिची अज्जी एका एकादशीला 'संत तुकाराम' बघताना म्हणाली होती, "हे तुकोबा असे कसे गं फुगले?" तेव्हा सगळे अज्जीच्या डोळ्यांना हसले होते. अज्जीचे डोळे बरोबर होते, टीव्हीच चुकत होता! आता वडील पट्ट्यांवरून कुरकुरतात, पण अज्जीचे कार्यक्रम ४:३ वरच चालतात.

तुम्हीही करून बघा. जुना कार्यक्रम लागला, की चाक, घड्याळ, चंद्र, काहीतरी गोल शोधा. घरातल्या मोठ्यांना विचारूनच पडद्याजवळ जा, पट्टी काचेवर दाबू नका. उंची आणि रुंदी मोजा. रुंदी जास्त भरली, तर टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर चित्राच्या आकाराची सोय शोधा. मात्र नवा, रुंद कार्यक्रम ४:३ मध्ये कोंबू नका, नाहीतर सगळी माणसं काडीपैलवान होतील! कधीकधी वाहिनीवरूनच चित्र ताणून येतं, तेव्हा नुसतं ४:३ करून भागत नाही. पण आपल्याला कळलं तर पाहिजे!

पालकांना एकच विनंती. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शननं १९८७-८८ मधलं 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेव्हा घरोघरी तीन पिढ्या एकत्र बसल्या होत्या. जुनं असं काही मुलांबरोबर बघाल, तेव्हा ते आहे त्या आकारात बघा. आणि मूल "हे असं का दिसतंय?" म्हणालं, तर माझ्यासारखं झटकन उत्तर देऊ नका. आधी त्याच्या हातात पट्टी द्या.

तुमच्या,
बाई