भंगारात जाण्यापूर्वी

गणपतीआधीच्या साफसफाईत भंगारवाल्याची चांदी असते. परवा कापडे गावात एका अंगणात त्याचा टेम्पो उभा दिसला. दोघे जण पडवीतून दोन टाक्यांचं जुनं वॉशिंग मशीन उचलीत होते. मुंबईच्या मुलानं नवं धाडलेलं. घरच्या मावशी उंबऱ्यातून म्हणाल्या, "साहेब, धुण्याची बाजू बंद पडलीय, पण सुकवायची अजून गरगर फिरते हो. पावसात त्याच्यावरच माझं चालतं."

खरी गोष्ट आहे. पोलादपूर-महाडच्या पावसात धुणं धुवायचं दुःख नाही, वाळवायचं आहे. पूर्वी पडवीभर दोऱ्या बांधायच्या, निखाऱ्यांवर डालगं उपडं घालून त्यावर बाळाची दुपटी पसरायची. तरी कपड्यांना धुराचा नाही तर बुरशीचा वास यायचाच. सुकवायच्या टाकीत मात्र आच नसते. मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेताना कपड्यातलं पाणी भोकांवाटे बाहेर फेकलं जातं. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलात, तर मध काढायचं यंत्र पाहा. पोळ्याच्या चौकटी फिरवून मध बाहेर काढतात, तत्त्व तेच.

मी मशीन खाली ठेवायला लावलं. मागची पत्र्याची झाकणी काढली, तर धुण्याच्या मोटरीचा पट्टा सैल पडलेला. नवीन पट्टा घातला आणि चकती फिरू लागली. टेम्पो रिकामे डबे घेऊन गेला.

अशी यंत्रं हौसेनं जमवणारी माणसं जगात आहेत, हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. पण अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या ईटन गावी ली मॅक्सवेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी हजाराहून अधिक धुण्याची यंत्रं गोळा केली. हाताच्या दांड्यानं फिरणारी, लाकडी पिंपाची, पेट्रोलच्या इंजिनाची. त्यांतली कित्येक पुन्हा चालती केली.

त्यांतल्या मेटॅग कंपनीची हकिगत शेतकऱ्यानं ऐकावी अशी. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी 1893 साली सुरू झालेली ही कंपनी मुळात मळणी यंत्राची जोडअवजारं बनवी. अवजारांचा खप हंगामापुरता. उरलेल्या दिवसांत कामगारांना काम हवं, म्हणून 1907 साली तिनं धुण्याचं यंत्र काढलं. वीज न पोचलेल्या शेतघरांसाठी पुढं पेट्रोल इंजिन जोडलं. त्याच यंत्राला लोणी काढायची रवीही जोडता येई! न्यूटनचा कारखाना 2007 साली बंद झाला, पण ती इंजिनं हौशी लोक आजही जपतात.

आपल्याकडे पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे अशा घरगुती वस्तू जमवून राजा केळकर संग्रहालय उभं केलं. जमवताना अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं असेल. आज तिथं पाहणारे अडकित्त्यासमोर थबकतात. आजीच्या अडकित्त्याला जो मान, तो आईच्या मशीनला का नको? ज्या वस्तूनं आधी मनगटं वाचवली, ती आधी भंगारात जाते, हे मला पटत नाही.

ठेवायचं तर नीट ठेवा. कंपनीचा बिल्ला खरवडू नका, वरून रंग फासू नका. तळाची जाळी शाबूत हवी. आमच्याकडे उंदीर तिथूनच शिरतात आणि वायरी कुरतडतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा रिकामं फिरवा, पण अर्थिंग तपासूनच. झाकण उघडताच सुकवायची टाकी थांबली नाही, तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत तिला हात लावू नका, हात पिरगळतो. वीज तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, तो जाणकारानंच उघडावा. आणि तेच मॉडेल कुणी टाकून देत असेल, तर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवा. जुन्या मॉडेलचे सील आणि टायमर दुकानात सहसा मिळत नाहीत.

शेवटी मी मावशींना विचारलं, घेतलं कधी? त्यांनी ट्रंक उघडली. लग्नाच्या शालूखाली पावती, 1994 ची. मालकांनी मुंबईत हप्त्यानं घेतलेलं, गावी एस.टी.च्या टपावर चढवून आणलेलं. पावती मी वाचायला मागितली. वाचून होईपर्यंत मावशींनी तिचं टोक सोडलं नाही.